करंजीवाले दादा

फोन आला तेव्हा माझी गाडी सेनगावच्या स्टँडवर उभी होती. मी एसटीत कंडक्टर आहे. दाराशी उभी राहून मी गोरेगावच्या प्रवाशांना आवाज देत होते आणि खिशातला फोन थरथरला. पलीकडून रशीदा खाला बोलत होत्या. गोरेगावातल्या आमच्या शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत. "वंदना बेटा, गाडी कुठवर आली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सेनगावात आहे, निघतेच." "मग ये. दादा सकाळपून उठले न्हाईत... मी लई आवाज दिले." मला पुढं विचारावं लागलं नाही. मी ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही पुढं बसून घ्या." मी बसले नाही. गाडी भरलेली होती, लोकांना तिकिटं द्यायची होती. ज्या रस्त्यावर माझ्या वडिलांनी उभा जन्म काळी-पिवळी जीप चालवली, त्याच रस्त्यानं मी मशीन हातात धरून, एकेकाला तिकीट देत त्यांच्याकडं गेले. कुणीतरी सुट्ट्यांसाठी वाद घातला, त्यालाही मी उत्तर दिलं. गोरेगाव आलं तेव्हा मशीन ड्रायव्हरसाहेबांच्या हाती दिलं आणि उतरले.

वडिलांना आम्ही दोघी बहिणी दादा म्हणायचो. आज त्यांना जाऊन काही आठवडे झाले. भेटायला येणारे त्यांच्या जीपबद्दल बोलतात, कधी कुणाच्या बाळंतिणीला वेळेवर हिंगोलीला पोचवलं ते सांगतात. ते सगळं खरं आहे. पण मला सांगायची आहे ती गोष्ट घरातली आहे, चुलीपुढची.

मी सहावीत होते आणि माझी धाकटी बहीण सोनू अजून शाळेतही जात नव्हती, तेव्हा आमची माय गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि हिवाळा संपता संपता ती गेली. तोपर्यंत दादांनी चहासुद्धा कधी केलेला नव्हता. सकाळी जीप काढायची, गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली फेऱ्या मारायच्या आणि दिवस मावळता घरी यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. घरात आम्ही दोघी, चांदणी नावाची एक शेळी आणि ब्रेक नावाचा कुत्रा. या कुत्र्याचं नाव आधी मोत्या होतं. पण रोज सकाळी दादा निघाले की तो जीपच्या पुढच्या चाकाशी आडवा पडायचा आणि काही केल्या उठायचा नाही. सवाऱ्या खोळंबायच्या, हसायच्या. शेवटी दादाच म्हणाले, "ह्याचं नाव ब्रेक ठेवा. गाडीचा लागत न्हाई एवढा ह्याचा लागतो." तेच नाव पडलं.

माय गेल्यावर पहिली दिवाळी आली. दुखवट्याचं घर म्हणून आमच्याकडं तळण नव्हतं. गल्लीतून, नातेवाइकांकडून फराळाचे डबे आले. ओट्यावर डब्यांची रांग लागली. आम्ही दोघी एकेक डबा उघडून खात होतो आणि दादा दारात उभं राहून बघत होते. सोनूनं एक करंजी मोडली, वास घेतला आणि खाली ठेवून दिली. "ही मायची न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्या डब्यातली काढली, तीही ठेवली. "ही पण न्हाई." ती रडली नाही, काही नाही, हरवलेली वस्तू शोधावी तशी शोधत होती. दादा अंगणात निघून गेले.

भाऊबीजेला हट्टा गावाहून मामा आले. मायचे थोरले भाऊ. माणूस मनाचा चांगला, पण बोलणं रोखठोक. मामा-मामींना मूल नव्हतं. जेवण झाल्यावर ते दादांना म्हणाले, "दाजी, वंदना मोठी हाय, निभावून नेईल. पर सोनू लहान हाय. दिवसभर तुमी गाडीवर. लेकराला बाईमाणसाचा हात लागतो. मी घेऊन जातो तिला." मला वाटलं आता भांडण होईल. पण दादा म्हणाले, "तुमचं म्हणणं खोटं न्हाई. न्या तिला. पर पुढल्या दिवाळीला ती माझ्या घरी येईल, आन् माझ्या हातचं खाईल. मग बोलू."

मामा हसले असावेत, मला नीट आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी सोनूची वेणी घातली. पहिल्यांदाच घालत होते, एक बट कानावर तशीच राहिली. मामा आणि सोनू जीपमध्ये बसले आणि ब्रेक चाकाशी जाऊन पडला. रोज दादा त्याला दरडावायचे. त्या दिवशी दरडावलं नाही. खाली उतरले, त्याला दोन्ही हातांनी उचललं, माझ्याजवळ आणून दिलं आणि म्हणाले, "धरून ठेव." मी त्याला धरून दारात बसले. जीप वळली, सोनू मागच्या काचेतून आमच्याकडं बघत होती... घर त्या दिवसाइतकं रिकामं नंतर कधी वाटलं नाही, आता दादा गेल्यावरसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात दादांनी शिकायला सुरुवात केली. आधी भाकरी. भाकरीचे नकाशे व्हायचे, मधे कच्च्या, कडेला जळक्या. मला जमत होतं तेवढं मी सांगायची. ते माझ्याकडून शिकले आणि मग मलाच म्हणाले, "आता तू अभ्यासाला बस. सकाळचं माझ्याकडं, सांजचं आपण दोघं." मग ते तळणाकडं वळले. पहिली चकली त्यांनी पाडली ती तेलात फटकन फुटली आणि तेल हातावर उडालं. कोपरापर्यंत फोड आले. दुसऱ्या वेळी ते ड्रायव्हरचा पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट घालून, धुळीसाठीचा काळा चष्मा लावून कढईपुढं बसले. रशीदा खालांनी भिंतीवरून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "भाई, कढई हाय का इंजन?" दादा चष्मा न काढता म्हणाले, "आपा, हसून घ्या. मग सांगा काय चुकून राहिलं." खाला खरंच भिंतीला वळसा घालून आत आल्या. पीठ बोटांत दाबून बघितलं. "मळलंच न्हाई बराबर. हवा राहिली आत, म्हणून फुटली. आन् आच कमी करा, तेलाला जरा दम धरू द्या." त्या दिवसापासून खाला दादांच्या पहिल्या गुरू. त्या नुसतं सांगायच्या, हात लावायच्या नाहीत. दादांनीच तसं त्यांना बजावलं होतं.

दुसरी शाळा भरायची जीपमध्ये. ड्रायव्हरच्या शेजारची जागा म्हणजे मानाची. तिथं गावातली वजनदार माणसं बसायची. दादांनी ती जागा बायकांना द्यायला सुरुवात केली. गियर टाकता टाकता विचारायचे, "मावशी, शंकरपाळ्याला तूप किती घालता? गरम करून का तसंच?" बायका आधी बुजायच्या, मग सांगायच्या, आणि एकीचं दुसरीला पटलं नाही की मागच्या सीटवरून वाद सुरू व्हायचा. दादा घरी केलेलं पुडीत बांधून न्यायचे आणि सवाऱ्यांना वाटायचे. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची एक म्हातारी होती, आठवडी बाजाराला यायची. तिनं शंकरपाळा तोंडात धरला, इकडून तिकडं फिरवला आणि बाहेर काढून दादांच्या हातात परत दिला. "बापू, हे माझ्याच्यानं फुटंना. दात असणाऱ्याला दे." सगळी गाडी हसली. दादांनी तो खिशात टाकला आणि पुढच्या बाजाराला पुन्हा केलेला आणला. तिनं खाल्ला. "आता खाण्यात जमा झाला," म्हणाली. तेवढ्यावर दादांचा आठवडा चांगला गेला.

स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी त्यांचं नाव करंजीवाला ठेवलं. "ओ करंजीवाले, नंबर लावा," असं ओरडायचे. मला शाळेत पोरी चिडवायच्या. मी एकदा रडत घरी आले, म्हटलं, "दादा, तुम्ही बाहेर कुणाला सांगू नका ना." दादा खोबरं किसत होते. म्हणाले, "काहून? चोरी करून राहिलो का मी? अजून तर करंजी येत बी न्हाई मला. आली म्हंजे मग खरंच करंजीवाला म्हणतील." आणि किसत राहिले.

खरंच येत नव्हती. करंज्या तेलात उघडायच्या, सारण बाहेर पडून काळं व्हायचं, कढईभर तेल वाया जायचं. चिवड्याची वेगळीच तऱ्हा झाली. पोहे उन्हात तापायला म्हणून दादांनी अंगणात मायच्या जुन्या साडीवर पसरले आणि वळले. तेवढ्यात चांदणीनं दावं तोडलं. आम्ही पाहिलं तेव्हा साडी चाटून पुसून स्वच्छ होती आणि चांदणी पोट नगाऱ्यासारखं करून उभी होती. ढोरांचे डॉक्टर आले, औषध पाजलं आणि म्हणाले, हिला बसू देऊ नका, फिरवत राहा. दादांनी संध्याकाळभर तिला अंगणात गोल गोल फिरवलं. मागं ब्रेक, त्याच्यामागं मी. फिरता फिरता दादा तिच्याशी बोलत होते, "बाई, मीठ-मसाला तरी घालू द्यायचा व्हता." माय गेल्यानंतर मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोट धरून हसले. चांदणी वाचली. पोहे पुन्हा आणले, या वेळी पत्र्यावर चढून पसरले.

आणि दर रविवारी हट्टा. दादा रविवारी गाडी बंद ठेवायचे. हिंगोलीहून एसटीनं, मधे गाडी बदलून, आम्ही दोघं डबा घेऊन हट्ट्याला जायचो. डब्यात त्या आठवड्यात जे जमलं असेल ते. धपाटे, तिळाच्या पोळ्या, फुटलेल्या करंज्यांतल्या त्यातल्या त्यात शाबूत. सोनू सुरुवातीला पळत यायची. उन्हाळ्यापर्यंत ती तिथं रुळली. मामीच्या मांडीवर बसूनच आमच्याकडं बघायला लागली. एकदा तिनं दादांना 'तुमी' म्हटलं, पाहुण्याला म्हणतात तसं. येताना दादा गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले. मी विचारलं, "पुढच्या रविवारी जायचं ना?" ते म्हणाले, "जायचं म्हंजे? जायचंच."

मामांना ते खटकत होतं. एका रविवारी ते म्हणाले, "दाजी, लेकरू आता राहिलं इथं. काहून एवढी तकलीफ करून राहिलात? लोक बी हसतात, पावना डबा घेऊन येतो म्हणून." दादा शांतपणे म्हणाले, "हसू द्या. मला वहिनीकडून अनारसे शिकायचेत." मामी दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातचे अनारसे आमच्या सगळ्या गोतावळ्यात नावाजलेले. त्या म्हणाल्या, "तुमी बसा दाजी, मी करून देते डबाभर." "न्हाई वहिनी. तुमी सांगा, मी करतो."

मामींनी त्यांना शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. आता मी स्वतः आई आहे, तर मला त्या बाईच्या मनाचा अंदाज येतो. हा माणूस कशासाठी शिकतोय हे त्यांना कळत होतं. अनारसे चांगले झाले की आपल्या मांडीवरचं लेकरू उठून जाणार, हेही कळत होतं. तरी त्यांनी काही हातचं राखलं नाही. तांदूळ किती दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत कितपत सुकवायचे, गूळ कोणता घ्यायचा, गोळा मुरल्याचं वासावरून कसं ओळखायचं, सगळं सांगितलं. शेजारपाजारच्या बाया दारात गोळा होऊन बघायच्या आणि दादा खाली मान घालून खसखशीवर अनारसा थापत राहायचे.

दिवाळी आली. मामांनी दादांचा शब्द राखला, सोनूला दोन दिवस आधी आणून सोडलं. ती आमच्याशी बुजून वागत होती. पदर शोधल्यासारखी खालांच्या मागं मागं जायची. दादांनी तिला जवळ ओढलं नाही. "आमी अनारसे करून राहिलो, बघायला ये," एवढंच म्हणाले. तूप तापलं. पहिला अनारसा कढईत सोडला आणि तो हळूहळू पसरत, विरत, तुपात सगळीकडं झाला. आपल्याकडं याला अनारसा हसला म्हणतात. दादा कढईत बघत म्हणाले, "हसला की गं हा." सोनूनं विचारलं, "काहून हसला?" "माझ्या तोंडाकडं बघून." आणि सोनू हसली. दादांनी दुसरा सोडला, तोही हसला, आणि सोनू जमिनीवर लोळायला लागली. दादांनी घाई केली नाही. बाजूला काढून ठेवलेली पिठी मुठीनं गोळ्यात घातली, पुन्हा मळलं, पुन्हा थापला. तिसरा अनारसा तुपात टिकला. वर बारीक जाळी आली. दादांनी तो झाऱ्यावर धरून आम्हाला दाखवला. खालांना भिंतीवरून हाक मारली, तर त्या आधीच उभ्या होत्या.

त्या वर्षी ओट्यावर आमचेच डबे होते. चकल्या थोड्या वाकड्या होत्या, चिवड्यात मीठ जास्त झालं होतं. करंजी मात्र एकही उघडली नव्हती. कडेला दूध लावून दाबायचं ही खालांची युक्ती. सोनूनं एक मोडली, वास घेतला. या वेळी ती खाली ठेवली नाही, खात राहिली. मग दुसरी घेतली.

भाऊबीजेला मामा आले. मायच्या जागी मी त्यांना ओवाळलं, जेवण झालं, आणि निघायच्या वेळी सोनू सापडेना. खालांकडं नाही, गल्लीत नाही. मामा घाबरे झाले. शेवटी मीच जीपखाली वाकून बघितलं. ती पुढच्या चाकाशी ब्रेकला मिठी मारून आडवी पडली होती, फ्रॉकला काळं तेल लागलेलं. मामा गुडघ्यावर बसले. "सोने, चल बेटा. मामी वाट बघून राहिली." आतून आवाज आला, "म्या न्हाई येत. मामीलाच इकडं आणा." मामा हात घालून तिला ओढणार, तेवढ्यात दादांनी त्यांचा हात धरला. ते स्वतः जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाळा, कुणी वढणार न्हाई तुला. भाईर ये, मामाच्या पाया पड. मग राहायचं का जायचं, ते तू सांग. तू सांगशील ते मी आयकीन." सोनू बाहेर आली. मामांच्या पाया पडली आणि दादांच्या गळ्यात हात टाकून मागं उभी राहिली. हेच तिचं उत्तर होतं.

मामा बाजेवर बसले. मग त्यांनी ताटलीतला अनारसा उचलला, उजेडात धरला, खाल्ला. "जाळी पडली," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते अनारशासाठी नव्हतेच. दादा म्हणाले, "उन्हाळ्याची सुट्टी तिची तुमच्याकडं. दर वर्षी. माझा शब्द हाय." तो शब्द सोनूच्या लग्नापर्यंत पाळला गेला. हट्ट्याचं घर तिचं दुसरं माहेर झालं आणि मामींच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी सोनूच होती.

नंतरची वर्षं भराभर गेली. लोकांनी दादांना दुसऱ्या लग्नाचं सुचवलं, त्यांनी विषय वाढू दिला नाही. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा त्यांनी मला खालांकडं पाठवलं. परत आले तर दुकानातून आणलेला पॅडचा पुडा त्यांनी माझ्या हातात दिला, कागदात गुंडाळलेला नाही, तसाच. "ह्यात लाजायचं काही न्हाई. संपलं की मला सांगायचं," म्हणाले आणि शिरा करायला बसले. मी कंडक्टरच्या नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा गल्ली कुजबुजली. दादा स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटले, "आता माझीच पोरगी माझ्या सवाऱ्या पळवून राहिली." गुडघे थकल्यावर त्यांनी जीप विकली. कढई मात्र शेवटपर्यंत तापत राहिली.

दादांचं तेरावं झाल्यावर घराचं काय करायचं असा विषय निघाला. मी सेनगावात राहते, सोनू परभणीला. मामा आता थकलेत, काठी टेकत आले होते. म्हणाले, "भाड्यानं द्या. बंद घर टिकत न्हाई." मग त्यांनीच एका मिस्त्रीला बोलावून स्वयंपाकघर दाखवलं. काही वर्षांपूर्वी दादांना खाली बसवेना, तेव्हा त्यांनी उभ्यानं करता यावं म्हणून गॅसचा कट्टा बांधून घेतला होता, तो स्वतःच्या उंचीचा. दादा चांगले उंच होते. तिथं उभं राहिलं की कट्टा माझ्या छातीला लागतो. मिस्त्री म्हणाला, "हे कोणत्याच बाईला जमायचं न्हाई. फोडून खाली घ्यावं लागेल, तरच भाडेकरू येतील."

सोनूनं माझ्याकडं बघितलं. ती मिस्त्रीला म्हणाली, "राहू द्या. फोडायचं न्हाई." मी म्हटलं, "आणि भाड्यानंही द्यायचं नाही." मामांनी मिस्त्रीला जायला सांगितलं. मी बदलीचा अर्ज केला नव्हता, नवऱ्याशी बोलले नव्हते, पण तिथं उभ्या उभ्या मला ठाऊक होतं की आम्ही इथं राहायला येणार. महिना संपायच्या आत आलो. सेनगाव काही लांब नाही, आणि माझी गाडी रोज दारावरूनच जाते.

काल रविवार होता. सोनू आली होती. खालांनी भिंतीवरून मेथीची जुडी दिली. ज्वारीचं, गव्हाचं, बेसनाचं पीठ मळलं, ओल्या फडक्यावर धपाटं थापायला घेतलं. त्या कट्ट्यावर थापायचं तर कोपरं खांद्यापर्यंत उचलावी लागतात. सोनू टाचा उंच करून तव्याकडं बघत होती आणि तिच्या हातून तेल सांडलं. पहिलं धपाटं फडक्यावरून सोडवताना फाटलं, दुसरं करपलं. खांदे भरून आले. माझा नवरा दारातून म्हणाला, "खाली बसून करा ना, कोण बघतंय?" मी हात पाण्यात बुडवले, फडकं पुन्हा ओलं केलं आणि त्याच कट्ट्यावर पुढचा गोळा घेतला.